सतरा बिळं

मागच्या वर्षी ताईने अंगणात मधमाश्यांच्या सतरा बिळांपाशी सतरा काड्या रोवल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या काडीपाशी ताई गुडघे टेकून बसली आणि खुरप्याने माती उकरू लागली. किड्यामुंग्यांचा अभ्यास करण्यात तिचे केस पांढरे झाले होते. धाकटा भाऊ मागे उभा होता. घरात त्याच्या बायकोला सातवा लागला होता, आणि अंगणाची माती चांगली आहे एवढंच त्याला ताईच्या तोंडून ऐकायचं होतं.

"फुलपाखरं बघ की किती आलीत," तो म्हणाला. "माती वाईट असती तर आली असती का?"

कुंपणाच्या रानफुलांवर नखाएवढी निळी फुलपाखरं बागडत होती. दिसायला दृष्ट लागावी अशी.

"ती पाहुणी," ताई म्हणाली. "पानावर वाढतात, फुलावर जेवतात. मातीशी संबंध बसण्यापुरता. ही मधमाशी तशी नाही रे. हिला पोळं नाही, राणी नाही, हाताखाली कुणी नाही. एकटीच बीळ खणते, अंड्याजवळ परागांची शिदोरी ठेवते, वरून लिंपते आणि जाते. पोर अकरा महिने मातीच्या पोटात."

"मग निघायची असतील अजून."

"रानफुलं उमलली की निघतात. पंधरा दिवस झाले उमलून."

वाटाण्याएवढी कोठडी हाताला लागली. ताईने ती नखाने फोडली. आत माशी होती. पंख, पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. पण काळी ठिक्कर, वाळलेली. आधीच्या सोळाही अशाच निघाल्या होत्या.

"ही मऊ माती आणलीस कुठून?"

"रंगाचा तो कारखाना बंद पडला ना, त्याच्या मागून, दोन वर्षांपूर्वी. कुणीही न्या म्हणत होते. म्हटलं, पुढे बाळ झालं की त्याला बाग होईल."

"आजच्या आज उचलायला लाव. एक ढेकूळ ठेवू नकोस."

बोलणं ऐकून भावजय कंबरेवर हात ठेवून सावकाश पायऱ्या उतरली. खड्ड्यापाशी आली, उकरलेल्या ढिगातली चिमूटभर माती उचलून तिने हुंगली आणि लाजून हसली.

"सगळी नका टाकायला लावू, वन्सं. तुम्ही हसाल, पण तिसऱ्या महिन्यापासून मला रोज चमचाभर लागतेच."