साइटचं बारसं

"नाव ठरला काय रे?" गुरुदासने खाटेवरूनच विचारलं. सत्यवानाने पिशवीतला कागद काढायला उगाच वेळ लावला.

सात महिने ह्या नावाने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. मराठीत प्रोग्रॅम लिहिणारी चाळीसेक माणसं, कुणी पुण्यात, कुणी नागपुरात. ओळख काय ती ईमेलवरची. सगळ्यांचे प्रोग्रॅम एका जागी ठेवायला गुरुदासने शिरोड्यात बसून साइट बांधली. ती चालूही झाली, बारसं तेवढं राहिलं. देवाचं नाव नको, गावाचं नको, टाइप करायला अवघड नको. गुरुदासने नियमांची ही लांबलचक यादी केलेली, तिच्यापुढे एकही नाव टिकेना. भारीच हट्टी माणूस.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. वेंगुर्ल्याचा आपला सायबर कॅफे बंद ठेवून सत्यवान त्याला गोव्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सत्यवानाला बाजूला घेतलं आणि दोन महिने सांगितले. गुरुदासला सांगितलं, कावीळ आहे. घरात खरं कळलं ते फक्त त्याच्या बायकोला, तुळसाला. तिने मासळीची पाटी खाली ठेवली आणि सत्यवानाला वेतोबाची शपथ घातली. ह्यांना कळलं तर आहेत ते दिवसही खाटेवर तोंड फिरवून काढतील, म्हणाली.

सत्यवानाने शपथ पाळली. रोज येऊन पथ्याच्या गप्पा मारल्या, दिवाळीनंतरच्या कामाचे बेत केले. परत जाताना मात्र वाटेत स्कूटर थांबवून रडायचा.

ईमेलवरच्या मंडळींना तेवढं त्याने खरं कळवलं, आणि गुरुदासपाशी चकार शब्द काढायचा नाही, असं बजावलं. कुणी काढलाही नाही. त्यांनी फक्त नावासाठी मतं दिली. सात महिने भांडणारी माणसं, एका दिवसात एकमत! सत्यवानाला कोण आनंद झाला. जाताना मित्राला एवढं तरी सुख मिळेल, असं त्याला वाटलं.

गुरुदासने कागद हातात घेतला. वर मोठ्या अक्षरांत साइटचं नाव छापलं होतं: गुरुदास. खाली चाळीस जणांची नावं.

त्याने दोनदा वाचलं. थोडा हसला. मग तुळसाला तांदळाची पेज आणायला आत पाठवलं आणि ती गेल्यावर कागदाची घडी घातली.

"सत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "जित्या माणसाचा नाव ठेवचा नाय, हो नियम मीच केललो. माझे किती दिवस रवले?"