कोरडं इंजिन

फिटर मोटरसायकलच्या पोटाखाली बॅटरी मारत आडवा पडला होता आणि त्याची बायको चहाचा कप धरून दारात उभी होती. चहावर साय धरायला लागली होती.

"सापडलं का काही?"

"इंजिन कोरडं आहे," तो खालून म्हणाला.

"मग डाग कसला?"

"तेच बघतोय."

दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या कोब्यावर, तळहाताएवढा काळा डाग होता. तिने तो सोड्याने घासला होता, भुसा टाकून झाडला होता, तरी तो हटायला तयार नव्हता. फिटर बसच्या डेपोत कामाला. भल्याभल्या इंजिनांचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि आता स्वतःच्या गाडीपुढे लोटांगण घालून बसला होता.

डाग त्या गाडीचा नव्हताच. पोराच्या गाडीचा होता, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

फिटरने डेपोत शब्द टाकून पोराला चिकटवलं होतं. पोराने ती नोकरी परस्पर सोडली आणि गाडीवरून सामान पोचवायचं काम धरलं, तेव्हा फिटर म्हणाला होता, "पुन्हा या घराचा उंबरा ओलांडायचा नाही." पोरगा बापाच्याच वळणावर गेलेला. त्याने उंबरा ओलांडला नाही. पण बापाची दुपारची पाळी असली की तो यायचा, मोकळ्या शेडमध्ये गाडी लावायचा आणि बाहेर पायरीवर बसून आईच्या हातचं जेवायचा. ती आत शिवणाचं मशीन चालवत बोलायची, तो बाहेरून उत्तरं द्यायचा.

"अरे, आत ये की. ते कुठे बघतायत?"

"त्यांनी नको म्हटलंय ना," तो म्हणायचा आणि आणखी एक पोळी मागायचा.

दोघांपुढेही तिने हात टेकले होते. तरी पोरगा डोळ्यांना दिसत होता, पोटभर जेवत होता. फिटरला कळलं तर तेही बंद होणार. म्हणून डागाचा विषय निघाला की ती कानांवर हात ठेवायची.

फिटरने मात्र पिच्छा सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी त्याने इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने लख्ख पुसलं आणि तिच्याकडे पावडरचा डबा मागितला.

"तोंडाला लावायची?"

"इंजिनाला. पांढऱ्यावर ऑइल उमटलं की कुठून गळतंय ते कळतं."

त्याने पावडर फासून गाडी बराच वेळ चालू ठेवली. इंजिन नवरीसारखं नटून उभं राहिलं, पण थेंब काही उमटला नाही. रात्री खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोराच.

कुंपणापलीकडून रिटायर झालेले मास्तर हे सगळं मजेत बघत होते. "कुठेतरी पाणी मुरतंय, फिटर," ते म्हणाले.

"पाणी नाही मास्तर, ऑइल."

मास्तर हसले. तिला हसू आलं नाही.

फिटर डागापाशी उकिडवा बसला. भिंतीपासून डागापर्यंत त्याने वितीने मोजलं, बोट घासून वास घेतला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मी नसताना इथे कोणी गाडी लावतं का गं?"

"कोण लावणार?"

"नाही, आपलं विचारलं."

त्या दिवशी तिच्या घासाला चव नव्हती. हा माणूस आज ना उद्या छडा लावणार, हे तिला कळून चुकलं. त्याला गळती हवी होती ना, मग ती त्याच्याच गाडीत सापडली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला तशी ती मशीनच्या खणातली तेलाची कुपी घेऊन शेडमध्ये गेली. इंजिनाखालच्या बोल्टावर तिने चारपाच थेंब सोडले आणि कुपी पदराखाली लपवून आत आली.

"अहो, आज तिथे ओलं दिसतंय," त्याने शर्ट चढवल्यावर ती म्हणाली.

फिटर खाली वाकला. बोल्टाखाली बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग फडक्याला बोटं पुसली.

"सापडलं," तो म्हणाला. "हा बोल्ट."

तिचा जीव भांड्यात पडला.

किक मारता मारता त्याने विचारलं, "तुझं मशीन बरं चालतंय ना?"

"चालतंय की. का?"

"काही नाही." तो गेला.

दिवसभर तिने झपाटल्यासारखी शिवणं उरकली. पोराला आता गाडी लांब कोपऱ्यावर लावायला सांगायची, हे तिने मनाशी पक्कं केलं. चालत येऊन गडबडीत चार घास खाऊन जाईल. वाईट वाटलं, पण येईल तरी.

संध्याकाळी फिटर आला तो कागदाची एक पुडी घेऊन. ती त्याने तिच्यापुढे मशीनवर ठेवली. आत रबराची छोटी काळी रिंग होती.

"हे बोल्टाला लागतं?"

"छे. गिअरच्या दांड्याचं सील आहे. ते गेलं की डाव्या अंगाने ऑइल ठिबकतं."

"पण सकाळी तर तुम्ही बोल्ट म्हणालात."

"माझ्या गाडीला हे बसत नाही," फिटर म्हणाला.

तिचं मशीन थांबलं. वर बघायचं तिला धाडस होईना. फिटर हात धुवायला मोरीकडे वळला आणि तिथूनच म्हणाला, "परवाची मी रजा टाकलीय. आल्या आल्या इंजिन उघडता येत नाही, आधी गार व्हावं लागतं. त्याला म्हणावं, जेवायलाच ये."