कल्पना संपूर्ण माझी

"ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" बाईंनी शूटिंगवाल्याला दुसऱ्यांदा विचारलं.

टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये निधी देणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाई, एका बाजूला सिनेमांचे एक निवृत्त संकलक, आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, ज्यांनी आपण काय करतो ते सांगितलं नव्हतं. प्रत्येक परीक्षक मंडळात असा एक असतोच.

शूटिंगवाला पंधरा वर्षं लग्नांचं शूटिंग करत होता आणि त्यातली अकरा वर्षं नवोदित लघुपटकार होता. नवोदितपणाचा एवढा अनुभव फार थोड्यांच्या गाठीशी असेल. यंदा निधी नाही मिळाला, तर एक तारखेपासून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवताना त्याला बोलावलं नव्हतं.

निधीचा विषय दरसाल तोच: रस्त्यावरचा अपघात. अटही एकच: कल्पना ताजी आणि स्वतःची हवी. सुरू झाल्यापासून तीन वर्षांत निधी कुणालाही मिळाला नव्हता. परीक्षक फार कडक आहेत, असं सगळे म्हणत.

आणि कल्पना त्याची नव्हती. एका दुपारी जेवून हात धुताना मेहुण्याने ती सांगितली होती, ओळखीतल्या कुणाचा तरी प्रसंग म्हणून. कुठे बोलू नका, असंही बजावलं होतं. तो बोलला नाही, त्याने फक्त अर्जात लिहिली. अर्ज वाचून बायको म्हणाली होती, की दादाची गोष्ट ढापलीत, पकडले जाल तेव्हा कळेल. 

"सुचली आपली," तो म्हणाला. "बसल्या बसल्या."

गाडीवाला सायकलवरच्या मुलाला उडवतो इथपर्यंत सगळेच लिहितात, असं संकलकांचं म्हणणं पडलं. पण खाली उतरून तो मुलाचा चष्मा शोधतो, सदऱ्याच्या टोकाने पुसतो, मुलाच्या खिशात ठेवतो आणि मग पळतो, हे कुठून आलं?

संपलं, शूटिंगवाल्याला वाटलं. मेहुण्याने ही गोष्ट गावभर केली असणार. कानामागून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला.

"नीट आठवा," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "कुणाकडून ऐकलं असेल तर सांगून टाका. आम्ही रागावणार नाही."

छडी काढण्याआधी शाळेतले मास्तर याच आवाजात बोलायचे. तो फसणार नव्हता.

"कुणी सांगायचा प्रश्नच नाही, बाई. मला ते डोळ्यांसमोर दिसलं. गाडी मीच चालवत होतो म्हणा ना."

 मग त्या गृहस्थांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. गाडी कुठली दाखवणार, त्यांनी विचारलं. पांढरी, तो म्हणाला. धडकेत कुठला दिवा फुटतो? डावा. गाडी थांबते ती वळणाच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे. जरा अडखळलो तर चोरी उघडी पडेल, म्हणून मेहुण्याने सांगितलेलं सगळं त्याने घडाघडा सांगितलं.

गृहस्थांनी एक कागद पुढे सरकवला. कल्पना संपूर्ण माझी आहे, दुसऱ्या कोणाचाही तिच्याशी संबंध नाही, असं त्यावर छापलेलं होतं. त्याने सही केली. सही ओळखू येण्यासारखी आली. गृहस्थ कागद घेऊन उठले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले.

सुटलो, त्याला वाटलं. फरशीच्या दुकानाला त्याने मनातल्या मनात हात जोडले.

"म्हणजे निधी नक्की समजायचा ना?" त्याने हसून विचारलं.

बाईंनी त्याचा अर्ज मिटून बाजूला ठेवला.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "जाताना माझा मुलगा काही बोलला का?"