दलदलीतला गोरिला

"आता बघा आजी, हा वेडा प्रोफेसर टेबलावर मूठ आपटणार," परीक्षक म्हणाला.

प्रोफेसरने मूठ आपटली. मागचं अख्खं जंगल हललं, कारण ते कापडावर रंगवलेलं होतं.

चित्रपटांच्या संग्रहालयात जुनी रिळं पंचवीस वर्षं तपासून तपासून परीक्षकाला या जंगलपटांचा वीट आला होता. कुंडीतली झाडं, कातडं पांघरलेला गोरिला आणि त्याच्या डोक्यात माणसाचा मेंदू बसवायला निघालेला कुणीतरी अर्धवट शास्त्रज्ञ. या चित्रपटाच्या डब्यावर त्याने सकाळीच लाल पेन्सिलीने 'नष्ट करा' असं लिहून टाकलं होतं. तेवढ्यात ही म्हातारी आली. वडिलांनी यात काम केलंय, एकदा बघू द्या, म्हणाली.

"पुढे काय झालं वडिलांचं?" त्याने विचारलं.

"मी चार महिन्यांची होते. शूटिंग अर्धवट टाकून एका नटीबरोबर पळाले, असं कंपनीच्या लोकांनी आईला सांगितलं. आईने कधी मानलं नाही. मी मानलं. जन्मभर शिव्या घातल्या त्यांना."

परीक्षकाने प्रोफेसरकडे पाहिलं. चोपडलेले केस, कोरलेली मिशी. "तोंडावरच लिहिलंय त्याच्या," तो म्हणाला.

म्हातारी पडद्याकडे बघत राहिली.

शेवटच्या रिळात प्रोफेसरने गोरिलाला दलदलीत ढकललं. गोरिला हातपाय झाडू लागला.

"घ्या! बुडताना कुणी मानेमागे खाजवतं का?" परीक्षक खदखदून हसला. "आणि मरायला वेळ किती लावतोय! तो बघा, तुमचा प्रोफेसर खलनायक असल्याचं विसरून चिखलात उडी मारतोय. शॉट दुसऱ्यांदा घ्यायचीही तसदी घेतली नाही लेकाच्यांनी. तसंच ठेवून दिलं."

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. म्हातारी तिथेच बसून राहिली.

"त्या कातड्याची शिवण कुठे दिसली नाही, ना?" तिने विचारलं.

"नाही. तेवढं एक काम मात्र झकास केलंय," परीक्षक डबा ओढत म्हणाला.

"आईचं काम ते. रोज सकाळी वडिलांना आत घालून मानेमागे टाके घालायची. संध्याकाळी तीच उसवायची." म्हातारीने डोळे पुसले. "त्या संध्याकाळी तिला कुणी बोलावलंच नाही."