जावईबापूंची अट

राजुऱ्याचे मुबीनभाई वरातीत क्लॅरनेट वाजवायला लागले, की नवरदेव तर सोडाच, त्याची घोडीसुद्धा ठेक्यात पाय टाकायची. पण त्यांच्या तहसीनचा निकाह ठरताना न्यूयॉर्कवाल्या वाजिदनं एकच अट घातली, सासऱ्यानं बाजा सोडावा, चारचौघांत सांगायची लाज वाटते. पोरीसाठी मुबीनभाईंनी त्याच दिवशी बाजा सोडला.

यंदा ते लेकीकडे न्यूयॉर्कला गेले, तर तिथं आयरिश लोकांच्या सणाची मिरवणूक. घागरे घातलेले बाप्ये काखेत पिशव्या दाबून बाजे वाजवत चाललेले. मिरवणूक जरा थांबली, तसे गालांना हिरवा रंग फासलेले जावईबापू धावले आणि एका पांढऱ्या मिशीच्या बाजेवाल्याला मिठी मारून फोटो काढून आले.

"अब्बू, पाहून घ्या! याले म्हणतात कला. आपल्याकडं कुठी असे लोक?"

मुबीनभाईंनी त्या म्हाताऱ्याला खालून वर न्याहाळलं.

"तहसीन बेटा, तुले इंग्रजी येते. त्याले विचार, पोरीचं लगन बाकी आहे काय?"

"काऊन, अब्बू?"


"अजून वाजवून राह्यला ना! म्हणजे याले जावई भेटला नसन."