पावडरीचा घोट

तुंबलेल्या संडासांत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या प्लंबरला कशाचीच किळस वाटत नसे. म्हणूनच लेकीची रोजची नाटकं त्याच्या डोक्यात जायची. प्रथिनांतल्या गंधकाची विल्हेवाट लावणारं यकृतातलं एन्झाइम तिच्यात जन्मापासूनच निकामी होतं. दूध, अंडी, डाळी बंद. त्यांच्याऐवजी डॉक्टरांनी दिलेली खास प्रथिनांची पावडर पाण्यात कालवून प्यायची, नाहीतर रक्तात विष साठून डोळे जायची भीती. आज पोरगी पेल्यापुढे हटूनच बसली. "नाक दाबून पिऊन टाक! औषध आहे, शेण नाही," तो खेकसला. "मग तूच पी ना, बाबा." त्याने हसत मोठा घोट घेतला. सडक्या अंड्यांचा उग्र दर्प घशातून नाकात चढला. मोरी गाठताच तो भडाभडा ओकला. तोवर लेकीने उरलेलं गटागटा संपवलं होतं. ओठ पुसत ती त्याची पाठ चोळू लागली. "असंच होतं रे. चूळ भर, बरं वाटेल."