नवी बाकडी

वॉर्डाच्या ग्रुपवर आमच्या नगरसेवकांनी सकाळीच टाकलं होतं, "बेघर निवारा पहिल्या मजल्यावर तयार! बागेत नवी सागवानी बाकडी!" खाली नुसते जोडलेले हात.

दुपारी सावित्री नदीचं पाणी चढलं आणि पुराचा भोंगा वाजला. भोंगा ऐकला की आमचं महाड आधी सामान वरच्या मजल्यावर चढवतं, मग माणसं. बागेतल्या बाकड्यावरच झोपणारी जानकीबाई आंधळ्या नवऱ्याचा, महादूचा हात धरून, गुडघाभर पाण्यातून कशीबशी निवाऱ्याचा जिना चढली. दारात नगरसेवकांचा माणूस उभा होता.

"जागा नाय गो म्हातारे. खोली भरली."

"भरली? बागेत आमी दोघंच तर ऱ्हातो. आमच्याआधी कोन आलं रे?"

तो मोबाईल वर धरून ग्रुपसाठी खोलीचा फोटो काढत राहिला. जानकीबाईने त्याच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

"कोन हाय गो आत?" महादूने विचारलं.



"आपलं बाकडं हाय, आवो, बागेतल्या बाकीच्या बाकड्यांसंगं. प्लास्टिकात गुंडाळलंय. कोरडं हाय."